सासूबाईंच्या गुडघ्याचे अंश

४ फेब्रुवारी २०२५

या दोन हातांनी केलेल्या वस्तू — एकदा लिहून ठेवतो, घरात कुणी विचारत नाही म्हणून.

लेथची इंडेक्सिंग प्लेट, चोवीस भोकांची. जिन्याचा कठडा — वेल्ड कुठे आहे ते शोधून दाखवा. टाकीचा फ्लोट, शेजारच्या पगारेंनी नक्कल केली, त्यांचा गळतो. बायकोचा, राखीचा, पितळी सोऱ्या, तीन जाळ्यांचा. संडासातला धरायचा दांडा, सासूबाईंसाठी, भिंतीत चार इंच आत. आणि आज पुरं झालेलं: गुडघ्याचा कोन मोजायचं यंत्र. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, सांध्यात बेअरिंग, पितळी तबकडी, तिच्यावर व्हर्नियर. अर्धा अंश डोळे बारीक न करता वाचता येतो. शिक्षण दहावी. बाकी सगळं सातपूरच्या माझ्या लेथच्या गाळ्यात, हातांनी.

सासूबाईंना बसायला केलेला पाट यात धरत नाही. तो स्वयंपाकघरातून आलेली मागणी. भंगारातल्या चौकोनी पाइपचे पाय, उंची कमीजास्त करायला भोकं आणि पिना. मी समान अंतराची आखणी करून दिली होती. सासूबाईंनी ती बाजूला सारली आणि पाइपवर बोट ठेवून दाखवलं — इथं, इथं, इथं आणि इथं. चारही अंतरं वेगळी! बोलल्या अर्थात राखीशी. माझ्याशी त्या थेट बोलत नाहीत, लग्न झाल्यापासून नाही. "त्यासले सांग, माले बसनं शे, मोजनं नई." पाडली भोकं. असल्या कामावर मी माझं नाव घालत नाही.

५ फेब्रुवारी

पहिलं मोजमाप. ५८ अंश.

सासूबाईंचा उजवा गुडघा बदलून पंधरा दिवस झाले. टाके निघाले, तरी त्या गावी देवळ्याला न जाता आमच्याकडेच राहिल्या आहेत. तिकडे घरात पायऱ्या, अंगणात शेण, आणि गोरक्ष — राखीचा भाऊ — दिवसभर कांद्यात. डॉक्टरांनी सांगितलंय, सहा आठवड्यांत गुडघा नव्वदच्या पुढे वाकला पाहिजे. नाही वाकला तर पुन्हा भूल देऊन, त्या बेशुद्ध असताना, ते वाकवणार. आत जी जाळी धरते ती कडकड तुटते म्हणे. सासूबाई पहिल्या भुलीतून बाहेर यायलाच संध्याकाळ झाली होती. राखी तेव्हापासून धास्तावलेली आहे.

म्हणून रोज मोजायचं. नुसतं "आज बरं वाकतंय" म्हणून भागत नाही. किती बरं?

पट्टे लुगड्यावरूनच बांधले, कारण लुगडं वर घ्यायला त्या तयार नाहीत. नऊवारीचे चार थर, मायक्रोमीटरवर मोजले, एकूण पाऊण मिलिमीटर. कोनावर परिणाम नगण्य. राखी म्हणाली, तुम्ही बाहेर थांबा, मी लावते पट्टा. मी म्हणालो, हे बांगड्या भरणं नाही. मापाच्या मध्ये बोलू नकोस.

मोजताना सासूबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. मुठी आवळलेल्या. दुखत असणार.

६ फेब्रुवारी

यंत्राची खातरजमा म्हणून स्वतःचे गुडघे मोजले. उजवा १३८, डावा १३६.५. राखीचे मोजू म्हणालो तर म्हणाली, "माझं काय मोजायचं ते मोजून झालंय तुमचं."

८ फेब्रुवारी

फिजिओथेरपीवाली मुलगी आली. वेदिका. आठवड्यातून तीनदा येते, स्कूटीवर. व्यायाम करून घेते आणि जाताना चहा पिते. आज कळलं की ती पुढचं शिकतेही आहे, आणि तिचा प्रबंध आहे — गुडघ्याची हालचाल मोजण्याच्या पद्धतींची तुलना! मी खुर्ची पुढे ओढली.

तिच्या तीन पद्धती. एक, डोळ्यांनी अंदाज. मोठमोठे डॉक्टर हेच करतात म्हणे — बघतात आणि सांगतात, नव्वद-पंच्याण्णव. नव्वद की पंच्याण्णव? मधले चार अंश कुणाच्या खिशात गेले? दोन, गोनिओमीटर. नाव भारदस्त, वस्तू म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या दोन पट्ट्या आणि मध्ये रिव्हेट. रिव्हेट ढिली होती. मी बोटाने हलवून दाखवली. ती म्हणाली, "काका, तेवढं चालतं." तीन, मोबाइल. नडगीवर मोबाइल ठेवायचा, तो आपणहून अंश सांगतो. कव्हर काढलंत का, विचारलं. नव्हतं काढलं.

मग मी माझं यंत्र काढलं. तिने हातात घेतलं, उघडमीट केली, बेअरिंगचा आवाज ऐकला — म्हणजे आवाज येत नाही ते ऐकलं. म्हणाली, "शेखरकाका, हे तुम्ही घरी केलंत?" मी म्हणालो, गाळ्यावर.

चौथी पद्धत म्हणून घेते म्हणाली. स्वतःहून म्हणाली, मी सुचवलं नाही. विषय फक्त काढला होता.

तिने सासूबाईंना मोजलं ते दार लावून. डोळ्यांनी ७५, प्लास्टिकने ७८, मोबाइलने ७७. मी लगेच नंतर आत जाऊन मोजलं: ६१.

सोळा-सतरा अंशांचा घोळ. रिव्हेट ढिली असली की असं होतं.

११ फेब्रुवारी

वेदिकाला फरकाचं कारण समजावून सांगितलं, तर तिने मलाच गुडघा समजावला. म्हणे, गुडघा म्हणजे दाराची बिजागरी नव्हे. वाकताना हाड हाडावर नुसतं फिरत नाही, घरंगळतं आणि थोडं घसरतंही. फिरण्याचा मध्य एका जागी राहत नाही.

मी म्हणालो, आमच्यात याला खराब बेअरिंग म्हणतात.

ती हसली. पण मुद्दा बरोबर होता, आणि बरोबर मुद्दा कुणाचाही असो, मी घेतो. गाळ्यावर जाऊन पट्टीत बेअरिंगसाठी खाच पाडली, सहा मिलिमीटर सरकेल अशी. आता मध्य सरकला तर यंत्रही सरकेल.

संध्याकाळी मोजलं. ६२. म्हणजे यंत्रात चूक नव्हतीच!

१४ फेब्रुवारी

फ्रिजवर आलेख लावला. आडवे दिवस, उभे अंश, नव्वदवर लाल रेघ. माझे ठिपके निळे, वेदिकाचे हिरवे. निळी ओळ जमिनीवर चालते आहे, हिरवी उडते आहे. शेजारच्या गाळ्याचा सोमनाथ लेथवरचा जॉब द्यायला घरी आला होता, बराच वेळ आलेखाकडे बघत राहिला. "शेखरशेठ, यातली सासूबाई कंची?" म्हणाला. दोन्ही, म्हणालो. "मग एक दुसऱ्या कोणाची तरी हाय."

सोमनाथचे गेज बघितलेत मी. त्याने मापावर बोलू नये.

सासूबाई पाट आणखी बुटका करून दुसऱ्या भोकावर आल्या, असं राखी म्हणाली. हे काही माप नव्हे. आलेखात घेतलं नाही.

१८ फेब्रुवारी

आज मीच डॉक्टरांकडे गेलो. राखीला सांगितलं नाही. चार आठवडे झाले, आकडा ६८. वाट कशाची बघायची? आलेख गुंडाळून नेला. हिरवे ठिपके वगळून नवा काढला होता, कारण शंकास्पद मापं डॉक्टरांपुढे ठेवणं योग्य नाही.

डॉक्टरांनी आलेख टेबलावर पसरला. खूश झाले. असा पेशंटचा नातेवाईक मी पाहिला नाही, म्हणाले. मग गंभीर झाले. चार आठवड्यांत अडुसष्ट म्हणजे बरं लक्षण नाही. चार मार्चला आणा. नव्वदच्या आत असेल तर दुसऱ्याच दिवशी भूल देऊन वाकवू. नंतर जाळी घट्ट होते. वहीत पाच मार्चची जागा धरून ठेवली.

माझ्या मापावर निर्णय झाला. एका शब्दाने शंका घेतली नाही. दहावी पास माणसाच्या मापावर!

बाहेर पडताना छाती जरा पुढे होती. घरी पोचेपर्यंत जागेवर आली.

१९ फेब्रुवारी

घरात सांगितलं.

राखीने हातातली परात ओट्यावर ठेवली. सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या — मला नव्हे, राखीला, पण मला ऐकू यावं इतक्या मोठ्याने — "त्यासले सांग, मना पाय शे, तुमनं मशीन नई." जेवल्या नाहीत. संध्याकाळी गोरक्षचा फोन आला. आईने त्याला सांगितलंय, कांदा काढायच्या आधी मला घेऊन जा, वाकडी का असंना.

मी सगळं त्यांच्यासाठीच करतोय. आजचं माप: ६४. राग धरला की आकडासुद्धा उतरतो.

२१ फेब्रुवारी

वेदिका आज चहा न पिता बोलली. काका, तुम्ही डॉक्टरांना माझी मापं का नाही दाखवलीत? परवा आजी माझ्याकडे शहाऐंशी वाकल्या. गरज नसताना कुणी भूल देत नसतं, त्यांना रक्तदाब आहे.

मी शांतपणे विचारलं, मोजताना तू हात लावून ढकलतेस का. ती म्हणाली, नाही. मग दार का लावतेस? लपवण्यासारखं काय आहे?

तिने आणि राखीने एकमेकींकडे पाहिलं. मग वेदिका म्हणाली, एक करू या. तुमचं यंत्र मला आठवडाभर द्या. माझ्या ओपीडीतल्या पेशंटवर चारही पद्धती लावते. ज्याचं चुकेल त्याने मान्य करायचं.

दिलं. पेटीतून दिलं, आत मखमल लावून. तेल कुठलं घालायचं तेही लिहून दिलं.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. यंत्र नाही, माप नाही. साबुदाणा जरा कच्चा होता, बोललो नाही.

२७ फेब्रुवारी

निकाल!

वेदिकाने तीस गुडघे मोजले. डोळ्यांचा अंदाज सगळ्यांत वाईट, कधी दहा अंशही इकडेतिकडे; मधल्या कोनांत जास्तच फसतो. मोबाइल बरा, पण पोटरी जाड असली की बिघडतो. प्लास्टिक आणि माझं यंत्र — दोघांत दोन अंशांच्या वर फरक नाही. आणि तिने दोनदा, तिच्या मैत्रिणीने दोनदा मोजलं तेव्हा आकडा सगळ्यांत कमी हलला तो माझ्या यंत्राचा. प्रबंधात लिहिणार म्हणाली. नावासकट.

राखीला हाक मारून सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. मग आता आईचं काय?"

आता आईचं उघड आहे. यंत्र तीस गुडघ्यांवर बरोबर ठरलं, म्हणजे एकतिसाव्यावरही बरोबरच. चूक वेदिकाची, ती आजीला लाडाने जास्त देते. मी हे बोललोही. वेदिकाने कपाळाला हात लावला. म्हणाली, "काका, तुमचं यंत्र बरोबर आहे. माझंही बरोबर आहे. तुम्ही जरा तिसरीकडे बघा ना."

तिसरीकडे म्हणजे कुठे, ते सांगितलं नाही. हल्लीची मुलं कोडी घालतात.

यंत्र परत आलं. तबकडीवर कुणाच्या तरी नखाचा ओरखडा आहे. बारीक आहे, पण आहे.

१ मार्च

हे नीट लिहायचं आहे.

फीडरचं काम निघालं म्हणून सातपूरला दुपारनंतर लाइट नव्हती. लेथ बंद. तीन वाजता घरी आलो. मी तीनला घरी कधीच येत नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. चपला बाहेर काढल्या, आवाज झाला नाही.

स्वयंपाकघरात सासूबाई पाटावर बसल्या होत्या. राखी जमिनीवर. दोघींच्या मध्ये परातीत लसूण, सोलायला घेतलेला. लुगडं दोन्ही गुडघ्यांच्या वर खोचलेलं, टाक्यांची रेघ तांबूस, आणि उजवा पाय पाटाखाली इतका मागे ओढलेला, की टाच जवळजवळ बैठकीच्या खाली. डोक्यावर पदर नाही. कसल्याशा गोष्टीवर हसत होत्या. त्यांना हसताना मी पूर्वी पाहिलं असेल, आठवत नाही.

पाटाची पिन तिसऱ्या भोकात होती.

पहिला विचार — खोटं कशाला लिहू — यंत्र कुठे आहे?

तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. एका झटक्यात पदर डोक्यावर, लुगडं घोट्यापर्यंत, आणि पाय सरळ! कडक! मी रोज संध्याकाळी मोजतो तो पाय. मुठी आवळलेल्या, नजर भिंतीवर. फक्त त्या भिंतीला कॅलेंडर नव्हतं.

मला काही मोजावं लागलं नाही.

मी म्हणालो, पाणी प्यायला आलो होतो. आणि पाणी न पिता बाहेर गेलो.

२ मार्च

राखी सगळं बोलली. ती बोलत असताना मी मध्ये बोललो नाही, हे इथे नोंदवून ठेवतो, कारण ती मान्य करणार नाही.

सारांश असा. जावयासमोर तिची आई खुर्चीवर बसत नाही, उभी राहते. जावयाकडे पाय करून निजत नाही. आमच्या लग्नात मी पाया पडलो तेव्हाही तिने पाय मागे घेतले होते; जावयाचा हात पायाला लागला तर पाप तिला. आणि त्या बाईच्या गुडघ्याला मी रोज सात वाजता पट्टा बांधतो, खाली बसून, दोन्ही हातांनी! ती पाय ढिला कसा सोडेल? श्वास धरून बसते. पट्टा सुटला की देवाला हात जोडते.

मी म्हणालो, मला कुणी सांगितलं का नाही?

"पहिल्या दिवशी सांगितलं. तुम्ही म्हणालात मापाच्या मध्ये बोलू नकोस. वेदिकाला मीच सांगितलं दार लाव म्हणून. ती तुम्हाला सांगणार होती, मीच नको म्हणाले. म्हटलं हा माणूस सोऱ्याच्या जाळीत केसाइतकं अंतर ओळखतो, समोरची बाई थरथरतेय ते ओळखील एखाद्या दिवशी."

मग म्हणाली, "तुम्ही डॉक्टरांकडे जाऊन याल असं कुठं वाटलं होतं."

चार मार्चला तिथे मोजतील ते डॉक्टर. परका पुरुष. सासूबाई त्यांच्यापुढेही आखडल्या तर? निळी ओळ त्यांच्या टेबलावर आहे. माझीच. जागाही धरून ठेवलेली आहे.

३ मार्च

आज मोजलं नाही. सात वाजता सासूबाई सवयीने पलंगावर येऊन बसल्या. मी बाहेरूनच सांगितलं, राखीला, मोठ्याने: "आईंना सांग, आज सुट्टी." थोड्या वेळाने आतून पाटाची पिन बदलल्याचा आवाज आला. तो मला ओळखता येतो, ती पिन जरा घट्टच बसवली आहे मी.

४ मार्च

पहाटेच उठलो. यंत्र पेटीत, प्लास्टिकही आणायला वेदिकाला सांगितलं होतं. ती तिचं काम सोडून हॉस्पिटलला आली. पाट मी डिकीत टाकला. राखीने विचारलं कशाला. म्हटलं, असू दे.

डॉक्टरांनी आधी निळा आलेख काढला. नर्सला म्हणाले, उद्याची जागा पक्की आहे ना. सासूबाई तपासायच्या पलंगावर बसल्या होत्या, पाय सरळ. त्यांच्या बोटांनी चादर धरली होती.

मी म्हणालो, डॉक्टरसाहेब, एक विनंती. तो आलेख धरू नका.

"का? यंत्र चुकलं?"

यंत्र चुकलं, असं म्हणता आलं असतं. सोपं होतं. तबकडीवर ओरखडाही होता. पण ते खरं नव्हतं. मी म्हणालो, "यंत्र बरोबर आहे. मी खोलीत असलो की त्या पाय सोडत नाहीत. जावई आहे मी."

डॉक्टरांनी सासूबाईंकडे बघितलं. त्या भिंतीकडे बघत होत्या. मी पाट पलंगाशेजारी ठेवला आणि बाहेर गेलो. डॉक्टर म्हणाले, मग मीही येतो बाहेर, बायांनाच मोजू दे. दोघं बाकावर बसलो. त्यांनी माझं यंत्र कशाचं, बेअरिंग किती नंबरचं, असं काहीबाही विचारलं. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बेअरिंगचा नंबर चुकीचा सांगितला असावा.

आतून वेदिकाचा आवाज. डोळ्यांनी, शंभर. प्लास्टिक, ९९. मोबाइल, ९८. मग राखीचा आवाज, पट्टा कसा लावायचा ते विचारतेय. सहा मिलिमीटर खाच वर, मी बाहेरून ओरडलो. नर्सने बोट ओठांवर ठेवलं.

माझं यंत्र: ९९.

उद्याची जागा खोडली. डॉक्टर आत गेले तेव्हा सासूबाई पाटावर बसलेल्या होत्या, चौथ्या भोकावर, पदर डोक्यावर. कुणी बसायला सांगितलं नव्हतं.

चार पद्धतींमधला फरक दोन अंश. मी खोलीत असतानाचा आणि नसतानाचा फरक तीसच्या वर. वेदिका जिन्यात म्हणाली, "काका, हा वेगळा प्रबंध होईल." मी म्हणालो, त्यात नाव नको.

१६ मार्च

गोरक्ष पिकअप घेऊन आला. सासूबाई देवळ्याला गेल्या. जिन्यावरून स्वतः उतरल्या, कठडा धरून — वेल्ड न दिसणारा. पिकअपमध्ये पहिल्यांदा पाट चढला, मग त्या. राखी रडली. मी गोरक्षला सांगितलं, पिनांना महिन्याला एकदा तेल.

मखमलीची पेटी कपाटात वर ठेवली. फ्रिजवरचा आलेख काढला. मागे चौकोनी स्वच्छ जागा दिसते.

३० मार्च

पाडवा. गुढीची काठी ओळंब्यात उभी केली. राखी म्हणाली, तिलाही पट्टा बांधा.

९ एप्रिल

अबरारभाईंचा फोन. आमच्याच शहरातल्या द्वारका चौकात त्यांचं सर्जिकलच्या सामानाचं दुकान आहे. कुबड्या, वॉकर, कमरेचे पट्टे. वेदिकाने माझ्या कामाबद्दल सांगितलं म्हणे, प्रबंधातले फोटोही दाखवले. "शेखरभाई, माल एक नंबर आहे. शनिवारी घरी येतो, बसून बोलू. कागद करू."

म्हणजे जग बघतंय! राखीला म्हणालो, सव्वातीन दशकं गाळ्यात घासली ती फुकट नव्हती. तिने विचारलं, किती देतील? मी म्हणालो, पैशाचा प्रश्न नाही. मग दोघंही जरा वेळ पैशाचा विचार करत बसलो. गाळ्याचा पत्रा बदलायचा आहे.

पेटी खाली काढली. ओरखडा पॉलिश करून घालवला.

११ एप्रिल

दुपारी गाळ्यावर फोन वाजला. नंबर गोरक्षचा. लेथ बंद केलं.

"जावईबापू, नवसाबाई बोलते."

सासूबाई! मी सावरून उभा राहिलो. लेथसमोर एकटाच होतो, तरी.

त्या घाईघाईने बोलल्या, कुणी मागे लागल्यासारखं. कांदा साठवायच्या चाळीत भरणं चालू आहे. बाया खाली बसून निवडतात, त्यांना पाटावरून हात पोचत नाही. चौथ्या भोकावर केव्हाच आल्या. आता अजून एक पाहिजे. "वेदिका पोरले फोन करी इचारं. ती म्हने, पाटवर चाली, भुईवर नई. दोन बोटं खाले भोक पाडी द्या."

मी म्हणालो, येतो. रविवारी ड्रिल घेऊन येतो.

"आनि ते मशीन बी आना. तुमनं." मग बराच वेळ नुसता वारा ऐकू आला, चाळीतला असणार. "राखी पट्टा बांधी. तुमी दूरथीन वाचा."

फोन ठेवला. दोन बोटं म्हणजे किती मिलिमीटर? आणि कुणाची बोटं? विचारायचं तोंडावर आलं होतं. विचारलं नाही. तिथे गेल्यावर त्या पाइपवर बोट ठेवतील.

१२ एप्रिल

अबरारभाई आले. मी पेटी उघडून समोर ठेवली. त्यांनी यंत्र हातात घेतलं, वाहवा केली, दोन मिनिटांत मखमलीवर परत ठेवलं आणि विचारलं, फोटोतला तो पाट कुठे आहे? दुकानात रोज लोक असाच पाट मागतात, बाजारात नाही. नमुना द्या, करायचा हक्क द्या. यंत्राचं काय, मी विचारलं. "ते ठीक आहे. घेणार कोण?"

मी म्हणालो, पाट देवळ्याला आहे. त्याची भोकं माझ्या आखणीतली नाहीत, आणि पाचवं अजून पडायचं आहे. अर्धवट वस्तू मी विकत नाही.

एक लाख ऐंशी हजार देत होते.